सडपातळ बापूंचा वाढलेला रक्तदाब

सेलूहून वर्ध्याला आणि तिथून आठ किलोमीटर पुढे गेले की सेवाग्राम लागते. महात्मा गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी येथे राहायला आले, तेव्हा गावाला शेगाव म्हणत. त्याआधी, डिसेंबर १९३५ मध्ये, वर्ध्यात असतानाच अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळली होती. तपासल्यावर रक्तदाब वाढलेला आढळला.

पाहणाऱ्याला हे खरे वाटले नसते. वजन जेमतेम ४७ किलो, मोजका शाकाहार, तंबाखू-दारू वर्ज्य आणि रोज मैलोगणती चालणे. तरीही ऑक्टोबर १९३७ मध्ये त्यांचा रक्तदाब १९४/१३० होता, तर फेब्रुवारी १९४० मध्ये २२०/११०. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ मध्ये त्यांच्या आरोग्याच्या या नोंदी प्रसिद्ध केल्या.

हृदय आकुंचन पावते तेव्हा धमन्यांच्या भिंतींवर पडणारा दाब म्हणजे वरचा आकडा. दोन ठोक्यांमधला दाब म्हणजे खालचा. वयानुसार धमन्या ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब चढतो. आनुवंशिकता, मीठ, ताणतणाव यांचाही वाटा असतो. म्हणून बारीक माणूस यातून सुटतोच असे नाही. दुखत काहीच नाही, पण मेंदू, हृदय, मूत्रपिंड आणि डोळ्यांच्या रक्तवाहिन्या झिजत राहतात.

बापूंचे उपाय साधे होते: विश्रांती, मौन, मातीच्या पट्ट्या, आहारात लसूण. डॉ. सुशीला नायर त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवत. रक्तदाब खात्रीने उतरवणाऱ्या आजच्यासारख्या गोळ्या तेव्हा नव्हत्या. ३० जानेवारी १९४८ रोजी बापूंची हत्या झाली. पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीने रक्तदाब उतरतो, हे रुग्णांवरील अभ्यासातून ब्रिटिश नियतकालिकात मांडले आणि जगाचे लक्ष तिकडे वेधले. सुशीलाताईंनी १९६९ मध्ये सेवाग्रामलाच वैद्यकीय महाविद्यालय उभे केले.

बापूंना जे औषध मिळाले नाही, ते आज आपल्याला सहज मिळते. तिशी ओलांडली असेल तर अंगकाठी कशीही असो, वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्या. आधी पाच मिनिटे शांत बसा. आकडा १४०/९० किंवा त्याहून अधिक आला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा आणि डॉक्टरांना दाखवा. गोळी सुरू असेल, तर बरे वाटते म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका.