मार्कोनी आणि आपली खडकी

पुण्यात इंजिनीअरिंगला आम्ही आधी अ‍ॅनालॉग कम्युनिकेशन शिकलो, मग डिजिटल. रेडिओचा इतिहास मात्र उलटा आहे! १८७४ साली इटलीत जन्मलेल्या मार्कोनी यांच्याकडे युनिव्हर्सिटीची डिग्री नव्हती. ठिणगीवर चालणाऱ्या त्यांच्या ट्रान्समीटरला बोलणं पाठवता येत नसे. सिग्नल एक तर चालू, नाहीतर बंद. म्हणजे मोर्स कोड, तुमच्या फोनमधल्या ०-१ चा पूर्वजच. १९०९ मध्ये त्यांना ब्राऊन यांच्यासोबत नोबेल मिळालं. १९२७ मध्ये त्यांच्या शॉर्टवेव्ह बीम यंत्रणेवर खडकीहून थेट इंग्लंडला तारा जाऊ लागल्या. तिकडच्या तारा दौंडला उतरायच्या. १९३७ मध्ये ते गेले, तेव्हा ब्रिटनमधली रेडिओ स्टेशनं दोन मिनिटं गप्प राहिली. लोणावळा लोकल खडकीला थांबली की हे नक्की आठवा.