रविवारी न खेळणारा मॅथ्यूसन

क्रिकेटवर वाढलेल्या आम्हा मंडळींना बेसबॉल म्हणजे विटीदांडूचा चुलतभाऊ वाटतो. तरीही क्रिस्टी मॅथ्यूसनची हकीकत वाचकांना सांगावी असे बरेच दिवस आमच्या मनात होते.

त्याचा जन्म १८८० सालचा, पेनसिल्व्हेनियातील फॅक्टरीव्हिल या लहानशा गावचा. बकनेल कॉलेजात शिकून १९०० साली तो न्यूयॉर्क जायंट्स संघात पिचर, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज, म्हणून आला. त्या काळी धंदेवाईक खेळाडू म्हटला की दारू आणि मारामारी आलीच. चांगली हॉटेले त्यांना खोली द्यायला कांकू करीत. त्यांच्यात हा शिकलेला, सभ्य गडी. रविवारी खेळणार नाही, असा शब्द त्याने आईला दिला होता. न्यूयॉर्कमध्ये अडचण नव्हती. तिथे १९१९ पर्यंत रविवारचे सामने कायद्यानेच बंद होते. पण शिकागो, सेंट लुई, सिनसिनाटी येथे रविवारीच गर्दी लोटे, आणि मॅनेजर जॉन मॅग्रॉला आपल्या सर्वात मोठ्या पिचरवाचून संघ उतरवावा लागे. शनिवार तेल्यांच्या नातवंडांना यातले मर्म वेगळे सांगायला नको!

त्याचा 'फेडअवे' हा चेंडू नेहमीच्या वळणाऱ्या चेंडूच्या उलट बाजूला वळे. हाताला फार ताण पडे, म्हणून तो मोजकाच टाकी. १९०५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये सहा दिवसांत तीन सामने, सत्तावीस डाव, आणि फिलाडेल्फियाला एकही धाव नाही! एकूण विजय ३७३; त्यांतला एकच सिनसिनाटीकडून, बाकी सारे जायंट्ससाठी.

सिनसिनाटीला तो १९१६ साली मॅनेजर म्हणून गेला. आमच्या मते त्याची खरी कसोटी इथेच लागली. हॅल चेस हा त्याचा नावाजलेला खेळाडू पैजेच्या पैशासाठी सामने हरवतो, असा त्याला संशय आला. ऑगस्ट १९१८ मध्ये त्याने चेसला सरळ बाहेर बसवले. मग स्वतः लष्करात भरती होऊन फ्रान्सला गेला. १९१९ च्या आरंभी चौकशी झाली तेव्हा मुख्य साक्षीदारच परदेशी. चेस निर्दोष सुटला. पुढे पाहा: मॅग्रॉने त्याच चेसला जायंट्समध्ये घेतले, आणि फ्रान्सहून परतलेला मॅथ्यूसनही तिथेच मॅग्रॉचा मदतनीस झाला. दोघे एकाच बाकावर! त्या हंगामानंतर मात्र चेस मोठ्या लीगमध्ये पुन्हा दिसला नाही.

त्याच वर्षीची वर्ल्ड सिरीज मॅथ्यूसनने वार्ताहरांच्या कक्षात ह्यू फुलर्टन या पत्रकाराशेजारी बसून पाहिली. संशयास्पद खेळाच्या जागी दोघे कागदावर खुणा करीत होते. शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ खेळाडूंना १९२१ मध्ये कायमची बंदी झाली.

फ्रान्समध्ये कवायतीच्या वेळी विषारी वायू त्याच्या छातीत गेला होता. १९२० साली क्षय निघाला. सॅरनॅक लेकच्या डोंगराळ हवेत उपचार चालले, मध्यंतरी बरे वाटून बोस्टन संघाचे अध्यक्षपदही त्याने सांभाळले. ७ ऑक्टोबर १९२५ रोजी, त्या साली वर्ल्ड सिरीज सुरू झाली त्याच दिवशी, तो वारला. वय पंचेचाळीस. १९३६ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी पहिले पाच खेळाडू निवडले गेले, त्यांत तो होता. बाकीचे चौघे तेव्हा हयात होते.