आकड्यांमागची माणसे पाहणारे बाबासाहेब

जयंती आली की आपण संविधान, महाडचा सत्याग्रह आणि धम्मदीक्षा यांवर भरभरून बोलतो. सरकारी तक्ते घेऊन बसणारे, त्यातून सरकारला जाब विचारणारे बाबासाहेब मात्र आपल्या भाषणांत क्वचितच येतात.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजींच्या घरी जन्मलेले भीमराव १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता, जोडीला समाजशास्त्रही होते. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून ते परतले आणि १९१८ मध्ये त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. त्या काळी अनेक तज्ज्ञांचे मत होते की शेताचा सरासरी आकार लहान आहे, म्हणून तुकडे जोडून शेत मोठे करा. बाबासाहेबांनी विचारले, त्या शेतावर राबणारे हात किती, नांगर किती, बैल किती? नुसत्या एकरावरून शेत परवडते की नाही हे ठरत नाही. जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अवलंबून आहेत, हा खरा रोग त्यांनी दाखवला आणि औद्योगिकीकरण हा त्यावरचा उपाय सांगितला. आकडा तोच, पण वाचन बदलले की निर्णयही बदलतो.

पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून, पैसे साठवून ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी त्यांना डी.एस्सी. मिळाली. १९२७ पासून ते मुंबई कायदे कौन्सिलचे नियुक्त सभासद होते.

१२ मार्च १९२७ रोजी शिक्षणाच्या अनुदानावर ते कौन्सिलात बोलले. प्राथमिक शाळेत शिरलेल्या शंभर मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात, हे त्यांनी निदर्शनास आणले. म्हणजे पटावरची नावे मोजून शिक्षण झाले असे मानता येत नाही. मग त्यांनी समाजगटांनुसार तक्ता मांडला. प्राथमिक शाळेत दर हजारी पुढारलेल्या हिंदूंचे ११९, मुस्लिमांचे ९२, मधल्या जातींचे ३८ आणि मागासवर्गाचे केवळ १८ विद्यार्थी होते. लोकसंख्येत मागासवर्ग दुसऱ्या क्रमांकावर, शिक्षणात शेवटच्या. कॉलेजात तर तो जवळजवळ शून्य. सगळ्या इलाख्याची एकच सरासरी सांगितली असती, तर ही दरी कुणालाच दिसली नसती. असमान पायऱ्यांवर उभ्या असलेल्यांना सारखेच वागवून समता येत नाही, खालच्यांना जास्त द्यावे लागते, असा निष्कर्ष त्यांनी त्यातून काढला.

त्यानंतर आठच दिवसांनी, २० मार्चला, ते महाडला चवदार तळ्यावर होते. कौन्सिलातला तक्ता आणि तळ्यावरची ओंजळ ही एकाच लढ्याची दोन अंगे होती.

कॉलेजाच्या रकान्यातले ते शून्य बाबासाहेब विसरले नाहीत. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय उभे राहिले, तेच पुढे मिलिंद म्हणून नावारूपाला आले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले, तोवर त्या वर्गांतून आपल्या घरातली पहिली पदवीधर पिढी घडू लागली होती.

आज शासन सांगते, शाळाप्रवेश वाढले, शिष्यवृत्तीवर इतका खर्च झाला. कार्यकर्त्याने टाळ्या वाजवण्याआधी आणि घोषणा देण्याआधीही काही प्रश्न विचारावेत. ही सरासरी कुणाची? दर हजारी किती? प्रवेश घेतलेल्यांपैकी शेवटपर्यंत किती टिकले? मंजूर रकमेतली विद्यार्थ्याच्या खात्यात किती आली, आणि कधी? जिल्ह्याच्या आकड्यात आपली वस्ती कुठे आहे? माहिती अधिकाराचा अर्ज आपल्या हातात आहे. बाबासाहेबांच्या हातात तर परकीय सरकारचेच तक्ते होते. त्यांनी ते वाचले, आणि त्याच आकड्यांच्या जोरावर सरकारला जाब विचारला.

जय भीम!