रेव्ह. डॅनिएल जेंकिन्स व अनाथ मुलांचा बँड

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना संस्थानात ज्या काळी माणसांची खरेदी-विक्री उघड होत असे, त्या काळी, म्हणजे १८६२ च्या सुमारास, डॅनिएल जेंकिन्स ह्यांचा जन्म एका गुलाम घराण्यात झाला. बाळपणीच ते पोरके झाले. १८६५ साली गुलामगिरीचा अंत झाला खरा, परंतु मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय लोकांच्या हाती ना जमीन होती ना पैसा. पुढे जेंकिन्स चार्ल्स्टन शहरी येऊन राहिले व तेथे एका लहानशा बाप्तिस्त मंडळीचे पाळक झाले. स्वतःचा संसार मोठा व मिळकत बेताचीच होती.

१८९१ च्या डिसेंबरात ते रेल्वेच्या आवारात लाकडे आणावयास गेले असता मालगाडीच्या एका रिकाम्या डब्यात चार मुलगे थंडीने कुडकुडत एकमेकांस बिलगून बसलेले त्यांस आढळले. चौघेही बारा वर्षांच्या आतले असून त्यांस आईबाप नव्हते. जेंकिन्स ह्यांनी त्यांस घरी नेले. त्या शहरात गोऱ्या अनाथ मुलांकरिता शंभर वर्षांपूर्वी स्थापिलेला मोठा आश्रम होता, पण काळ्या मुलास त्याचे दार बंद होते. तेव्हा त्यांनी आपल्या मंडळीपुढे गोष्ट मांडून अनाथ-साहाय्यक संस्था काढली व पुढे तुरुंगाला लागून असलेली जुनी खलाशांच्या इस्पितळाची इमारत मिळवली. मुले भराभर वाढली. चार तोंडांची चारशे होऊ लागली, तेव्हा शिधा कोठून आणावा हा प्रश्न उभा राहिला.

जेंकिन्स ह्यांस स्वतः वाद्य वाजविता येत नव्हते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्यांनी गावातील लोकांकडे पडून असलेली, मोडकी-तोडकी पितळी वाद्ये मागितली. सिटाडेल नावाच्या लष्करी विद्यालयातील विद्यार्थ्यांचे टाकलेले गणवेश मिळवून ते मुलांच्या अंगाबरोबर करविले. आणि शिकविण्याकरिता लोगन व मिकेल ह्यांच्यासारखे कसलेले कृष्णवर्णीय वाद्यशिक्षक नेमिले. मुलांस नुसते ऐकून वाजवावयास न लावता स्वरलिपी वाचावयास शिकवीत. एकाच मुलाच्या हाती आज कर्णा तर उद्या ट्रॉम्बोन देत, जेणेकरून मोठा मुलगा आश्रम सोडून गेला तरी त्याची जागा रिकामी राहू नये. मुले दर वर्षी मोठी होऊन जाणार, हे ज्या शाळेस ठाऊक आहे तिने बँड असाच बांधला पाहिजे. बँडखेरीज जोडे शिवणे, पाव भाजणे, शेती व छपाई हेही उद्योग मुलांस शिकवीत, आणि आश्रमाचे वर्तमानपत्र आश्रमाच्याच छापखान्यात निघे.

१८९५ साली निधी जमविण्याच्या उद्देशाने जेंकिन्स ह्यांनी मुलांचा बँड लंडनला नेला. तेथील कायद्याने अकरा वर्षांखालील मुलांस रस्त्यावर वाजवून पैसे मिळविण्याची मनाई होती. ती त्यांस ठाऊक नव्हती. ते मॅजिस्ट्रेटपुढे उभे राहिले आणि वाजविणे बंद पडले. परक्या मुलखात, इतक्या मुलांसह, परतीचे भाडे जवळ नाही! परंतु ही हकीकत वर्तमानपत्रांत आली, आणि लोकांची दृष्टी त्यांच्याकडे वळली. त्यांनी तेथील चर्चांमधून उपदेश केले, मदत मिळाली व सर्व सुखरूप घरी आले. मुलांकडून रस्त्यावर वाजवून वर्गणी गोळा करविणे योग्य की नाही, ह्यावर पुष्कळ बोलता येईल, आणि तो इंग्रजी कायदा मुलांच्या हितासाठीच होता. तथापि ज्या शहराने ह्या मुलांकरिता फारच थोडे केले, त्याने जेंकिन्स ह्यांस दुसरा मार्ग फारसा ठेविला नव्हता.

पुढे बँडची कीर्ती वाढली. १९०४ साली सेंट लुई येथील जागतिक प्रदर्शनात तो वाजला. १९०५ साली अध्यक्ष रूझवेल्ट व १९०९ साली अध्यक्ष टाफ्ट ह्यांच्या पदग्रहणाच्या मिरवणुकींत चालला. १९१४ साली पुन्हा लंडनच्या प्रदर्शनास गेला. उन्हाळ्यात उत्तरेकडे व हिवाळ्यात फ्लोरिडाकडे फेऱ्या होत. १९२० नंतरच्या वर्षांत एका बँडचे अनेक बँड झाले.

सर्वच मुले तेथे सुखाने राहिली असे नाही. जॅबो स्मिथ नावाचा मुलगा सहा वर्षांचा असता आश्रमात आला, तेथेच ट्रम्पेट शिकला, आणि वारंवार पळून गेला. तोच पुढे त्या वाद्याचा नामांकित वादक झाला. विल्यम अँडरसन हा पोरका मुलगा एका दांडगटाशी मांजरासारखा बोचकारत भांडला म्हणून सोबत्यांनी त्याचे नाव ‘कॅट’ ठेविले. त्याच नावाने १९४४ साली तो ड्यूक एलिंग्टन ह्यांच्या प्रसिद्ध वाद्यवृंदात दाखल झाला.

जेंकिन्स १९३७ च्या जुलैत वारले. पुढे आश्रम दुसऱ्या जागी गेला; तुरुंगाशेजारची ती जुनी इमारत मात्र अद्याप उभी आहे.