दहा सेंटचे तिकीट, पंचवीस सेंटचा अपमान

अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरात आयसिस थिएटरच्या खिडकीवर एका बाईंनी १० सेंटचे नाणे ठेवले. ते परत करण्यात आले. कृष्णवर्णीयांना आता २५ सेंट पडतील, असे त्यांना ऐकवण्यात आले. या बाई म्हणजे नामांकित उद्योजिका मॅडम सी. जे. वॉकर! पैसा आला की वर्णाचा शिक्का पुसतो, असे समजणाऱ्यांनी ही खिडकी लक्षात ठेवावी.

त्यांचे मूळ नाव सारा ब्रीडलव्ह. जन्म २३ डिसेंबर १८६७, लुइझियाना राज्यातील डेल्टा गावी. आईवडील कापसाच्या मळ्यावरचे गुलाम. त्यांच्या घरात स्वतंत्र म्हणून जन्मलेले हे पहिले मूल. सातव्या वर्षी पोरकेपण, चौदाव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य, पदरात एक मुलगी. सेंट लुईसमध्ये वर्षानुवर्षे लोकांचे कपडे धुतले. स्वतःचे केस गळू लागले, त्यातून केसांच्या औषधाचा धंदा उभा राहिला. १९१० साली त्या इंडियानापोलिसला आल्या. त्यांची औषधे विकून हजारो कृष्णवर्णीय स्त्रिया स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या.

वरचे १५ सेंट त्यांना जड नव्हते. तरी त्यांनी फ्रीमन रॅन्सम या आपल्या कृष्णवर्णीय वकिलामार्फत दावा लावला. इंडियानात थिएटरमधील भेदभावाला बंदी घालणारा कायदा १८८५ पासून होता. आम्ही वकिली करतो. पुस्तकातला कायदा आणि खिडकीवरचा कायदा यांतले अंतर आम्हाला रोज दिसते.

या रागातून बाईंनी स्वतःचे थिएटर बांधले, असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे. २५ मे १९१९ रोजी त्या वारल्या, तेव्हा इमारतीची वीटही रचलेली नव्हती. मृत्यूपूर्वी लिंचिंगविरोधी निधीला ५,००० डॉलर जाहीर केले आणि मृत्युपत्रात कंपनीच्या पुढील नफ्याचा दोन तृतीयांश वाटा समाजकार्याला लिहून दिला. थिएटर उभारले ते मुलगी अलेलिया आणि रॅन्सम यांनी. वकिलाचे नाव मात्र लोक विसरतात!

डिसेंबर १९२७ मध्ये इंडियाना अव्हेन्यूवर चार मजली वॉकर इमारत उघडली. हा क्लॅनच्या दहशतीचा काळ. त्याच वर्षी शहराने कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळे हायस्कूल काढले होते. इमारतीत कारखाना, कचेरी, औषधांचे दुकान, नृत्यगृह आणि थिएटर. भिंतींवर नक्षी आफ्रिकेची, इजिप्तची. रंग पाहून तिकिटाचा दर ठरवणारा येथे कोणी नव्हता.

पुढे वस्ती उठली, थिएटर बंद पडले. स्थानिक लोकांनी इमारत वाचवली आणि १९८८ साली थिएटरचा पडदा पुन्हा उघडला.