स्वामी कुवलयानंद
स्वामी कुवलयानंद (जन्म : डभोई, गुजरात, ३० ऑगस्ट १८८३; मृत्यू : १८ एप्रिल १९६६) हे योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास करणारे आद्य संशोधक आणि लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेचे संस्थापक होते. त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे.

जीवन
१९०३ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुढील शिक्षण बडोदा येथे झाले. तेथील जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्याकडून त्यांनी भारतीय व्यायामपद्धती आत्मसात केली. त्यांच्यावर लोकमान्य टिळक व अरविंद घोष यांच्या विचारांचा प्रभाव होता. १९१६ मध्ये ते अमळनेर येथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९१९ मध्ये नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजी यांच्याकडून त्यांना योगदीक्षा मिळाली.

संशोधन
१९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान बंध व नौली या क्रियांची क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासणी केली. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा कमी होतो, असे दाबमापकाने आढळले. बस्तिक्रियेत पाणी आत ओढले जाते ते यामुळेच. या अंशतः निर्वात अवस्थेला त्यांनी गुरूंच्या नावावरून ‘माधवदास निर्वात’ असे नाव दिले. ऑक्टोबर १९२४ मध्ये कैवल्यधामाची स्थापना झाली व त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले.

प्राणायामाने शरीराला नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक प्राणवायू मिळतो, असा समज त्या काळी रूढ होता व आजही आढळतो. कुवलयानंदांनी प्राणवायूचे शोषण आणि कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन मोजून हा समज तपासला. प्राणायामाच्या वेळी प्राणवायूचे शोषण विशेष वाढत नाही, असा निष्कर्ष त्यांनी स्वतःच्याच त्रैमासिकात प्रसिद्ध केला. सामान्य श्वसनातही निरोगी व्यक्तीचे रक्त प्राणवायूने जवळजवळ पूर्ण संपृक्त असते. त्यामुळे दीर्घ श्वासाने त्यात फारशी भर पडत नाही, हे शरीरक्रियाविज्ञानाला धरूनच आहे. प्राणायामाचे खरे मोल श्वसनयंत्रणेला लागणाऱ्या वळणात आहे व त्याचा लाभ दिवसाच्या उरलेल्या वेळात होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

श्वासाबरोबर ये-जा करणारी हवा आणि शरीराला मिळणारा प्राणवायू ही दोन वेगळी परिमाणे आहेत, हा भेद या प्रयोगांच्या मुळाशी आहे. निद्राश्वसनरोधाच्या (स्लीप ॲप्निया) आजच्या तपासणीतही हवेचा प्रवाह आणि रक्तातील प्राणवायूची संपृक्तता यांची नोंद स्वतंत्रपणे घेतली जाते.

कार्य व वारसा
‘आसन’ व ‘प्राणायाम’ हे त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध आहेत. महात्मा गांधींनी प्रकृतीसंबंधी त्यांचा सल्ला घेतला होता. मुंबई व राजकोट येथे कैवल्यधामाच्या शाखा निघाल्या. १९५१ मध्ये लोणावळ्यास गोवर्धनदास सेकसरिया यांच्या नावाने योग महाविद्यालय सुरू झाले. त्यांच्या मृत्यूनंतरही संस्थेने योगशिक्षण, उपचार व संशोधन ही तिन्ही कार्ये चालू ठेवली आहेत.