Explained : आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांचे पहिले सुवर्ण कुणाचे? धावपटू स्टेफी डिसूझा यांची कारकीर्द

आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला कोण? सामान्य ज्ञानाच्या या प्रश्नाला बहुतेक जण कमलजीत संधू हे उत्तर देतील. १९७० मध्ये बँकॉकला त्यांनी ४०० मीटर शर्यत जिंकली होती. हे उत्तर बरोबर आहे, पण प्रश्नात ‘वैयक्तिक’ हा शब्द असेल तरच. त्याच्या १६ वर्षे आधी चार भारतीय मुलींनी मिळून सुवर्ण आणले होते. त्यातल्या एक होत्या स्टेफी डिसूझा.

मनिलात काय घडले?

गोवेकर कुटुंबातल्या स्टेफींचा जन्म १९३६ चा. मे १९५४ मध्ये मनिला येथील दुसऱ्या आशियाई स्पर्धेत त्या उतरल्या, तेव्हा वय होते अवघे १७. महिलांच्या ४ बाय १०० मीटर रिलेत त्यांच्यासोबत क्रिस्टिन ब्राऊन, व्हायोलेट पीटर्स आणि मेरी डिसूझा होत्या. मेरी मुंबईच्या वांद्र्याच्या. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये धावून आलेल्या.

१९५१ च्या दिल्ली स्पर्धेत याच शर्यतीत भारताला रौप्य मिळाले होते. मनिलात ४९.५ सेकंदांत शर्यत संपवून या चौघींनी सुवर्ण पटकावले. आशियाई स्पर्धेतले भारतीय महिलांचे ते पहिले सुवर्ण. पुढचे मिळायला थेट १९७० उजाडले.

रिले अवघड का असते?

भिवंडी असो वा वांद्रे, शाळेच्या क्रीडादिनी रिलेला सर्वाधिक आरडाओरडा होतो. कारण नुसता वेग असून भागत नाही, हातातला बॅटन वेगात असतानाच पुढच्या धावपटूच्या हाती द्यावा लागतो. आज त्यासाठी ३० मीटरचा पट्टा मिळतो. १९५४ मध्ये मात्र २० मीटरच्या आतच धावायला सुरुवात करून बॅटन घ्यावा लागे. एक पाऊल लवकर पडले तर बॅटन पोहोचत नाही, उशिरा पडले तर वेग तुटतो. त्यात धावपट्टी सिंथेटिक नव्हती. ऑलिम्पिकमध्येही ती आली १९६८ मध्ये.

एकटीचे पदक कधी?

चार वर्षांनी, १९५८ च्या टोकियो आशियाई स्पर्धेत. २०० मीटरमध्ये स्टेफींनी रौप्य जिंकले आणि रिलेत कांस्य मिळवणाऱ्या संघातही त्या होत्या. धावण्यासोबत त्या हॉकीही खेळत. भारतीय महिला हॉकी संघाकडून त्या आंतरराष्ट्रीय सामने खेळल्या. १९६१ मध्ये सुरू झालेला अर्जुन पुरस्कार १९६३ साठी त्यांना मिळाला. अॅथलेटिक्समध्ये हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटर का?

१९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटर शर्यतीनंतर काही धावपटू दमलेल्या दिसल्या. तेवढ्यावरून महिलांना लांब पल्ला झेपत नाही, असा निष्कर्ष काढण्यात आला आणि २०० मीटरपुढच्या शर्यती ऑलिम्पिकमधून वगळल्या गेल्या. ८०० मीटर १९६० मध्ये परत आली. महिलांची ४०० मीटर मात्र १९६४ मध्ये टोकियोत पहिल्यांदाच झाली. ती ऑस्ट्रेलियाच्या बेटी कथबर्ट यांनी जिंकली.

त्याच पहिल्या शर्यतीत भारताकडून स्टेफी धावल्या. सहा वर्षांपूर्वी रौप्य मिळाले, तेच हे राष्ट्रीय स्टेडियम. प्राथमिक फेरीतच त्यांचे आव्हान संपले. तरीही दार उघडले त्या दिवशी आत पाऊल टाकणाऱ्यांत एक भारतीय होती.

मग नाव मागे का पडले?

१९९८ मध्ये स्टेफींचे निधन झाले. त्यांचे सर्वात मोठे यश चौघींचे होते. यादी करताना आपण एकच नाव शोधतो, म्हणून रिलेची नावे गळून जातात. पुढच्या वेळी हा प्रश्न कानावर पडला, तर आधी विचारून घ्या : एकटीचे सुवर्ण, की पहिले सुवर्ण?